ताटातले रेझिस्टन्स आणि सोलापूरची शाळा

वैरागहून सोलापूरला जाण्याला कुणी प्रवास म्हणत नाही. आमच्या गावचे लोक सकाळी दुखती दाढ घेऊन सोलापूरला जातात आणि दाढ तिथंच टाकून दुपारच्या जेवणाला घरी येतात. पण मी सहा दिवस राहिलो, आणि शाळेत जाऊन राहिलो. चौथीत सोडलेली शाळा एकाहत्तराव्या वर्षी परत धरली, तीही फळ्याच्या बाजूनं. म्हणून लिहितो. यातल्या वेलांट्या मंगलनं सुधारल्यात. बाकी शब्दाला हात लावायचा नाही असा तिला दम दिला आहे.

सोमवार : जुळे सोलापूर

मंगल ही माझ्या बायकोच्या बहिणीची मुलगी. सोलापुरात एका शाळेत विज्ञान शिकवते. तिचा फोन आला, "काका, नववीला इलेक्ट्रॉनिक्स विषय चालू केलाय. शनिवारी शिक्षण खात्याच्या बाई बघायला येणारेत. पोरांनी हातानं केलेली वस्तू त्यांच्यासमोर चालली पाहिजे. नाही चालली तर विषय बंद आणि खोली दहावीच्या जादा तासांना. मला पुस्तकातलं सगळं येतं, सोल्डरिंग येत नाही. तुम्ही या."

मी म्हटलं, "दुकान बंद हाय माझं."

"म्हणूनच बोलावतेय की."

माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षं चाललं. दिवाळीच्या आधी बायको गेली, इंदुबाई, तेव्हापासून कुलूप आहे. गावाला वाटतं, म्हातारा दुःखानं बसलाय. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं इथं पहिल्यांदाच सांगतो. मला रंग कळत नाहीत. तांबडा, हिरवा आणि तपकिरी हे तिन्ही मला एकच दिसतात, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे.

दुसऱ्या कुणाचं यानं काही अडत नाही. माझ्या धंद्यात मात्र रेझिस्टन्स नावाची चीज असते. तांदळाच्या दाण्याएवढी नळी, वीज अडवून धरते. किती अडवते ते तिच्यावर आकड्यात लिहीत नाहीत, रंगाच्या पट्ट्या मारतात. दुकान काढलं त्याच वर्षी मी एका गिऱ्हाइकाच्या रेडिओतून धूर काढला. चहा घेऊन आलेली ही मागं उभी होती. म्हणाली, "अवो, त्यो कुंकवाचा हाय. तुमी गुळाचा बसवलाय." त्या दिवसापासून ती दुकानात माझ्या उजव्या हाताला बसायला लागली. सगळा माल एका स्टीलच्या ताटात ओतायचा, तिनं गहू निवडल्यासारखा निवडायचा, मी हात पुढं केला की पाहिजे तो दाणा हातावर ठेवायचा. लोक म्हणायचे, मिस्त्रीची बायको नवऱ्याला एक मिनिट सोडत नाही. आम्ही म्हणू दिलं.

मीटरवर मोजता येतं की, असं कुणी जाणता विचारेल. चांगला दाणा येतो मोजता. जळका दाणा मीटरवर खरं बोलत नाही, त्याचे रंगच वाचावे लागतात. आणि दुरुस्तीला जळकेच येतात.

हे मंगलला सांगायचं सोडून मी काय केलं, तर कवळी खिशात टाकली आणि एसटीत बसलो.

जुळे सोलापूर म्हणजे पगारदारांची वस्ती. फ्लॅटवर फ्लॅट, खाली स्कूटर. मंगलच्या दारावरची बेल भजन म्हणते. भजन संपेपर्यंत दार उघडायचं नाही असा त्या घरात नियम असावा, कारण मी दोन कडवी उभा होतो. आत गेलो, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तेवढ्यात अख्ख्या इमारतीत एकच पळापळ झाली. मला वाटलं, आग लागली.

"पाणी आलं!" मंगल ओरडली.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी माणसं पावण्याला सोडून नळाकडं धावतात. मंगल, तिचा नवरा, शेजारची म्हातारी, सगळे बादल्या घेऊन. मीही एक टोप धरून उभा राहिलो, कारण हात मोकळा ठेवून उभं राहणं तिथं असभ्य दिसत होतं. सगळी भांडी भरली, वरची टाकीही भरली आणि वाहायला लागली. वरचं पाणी थेट जावयाच्या वाळत घातलेल्या शर्टांवर. टाकी भरल्याचं कुणाला कळलंच नाही.

जावई ओला शर्ट पिळत म्हणाले, "दर वेळी असंच होतं, काका."

मी म्हटलं, "मंगल, पोरांनी काय करायचं ते ठरलं. टाकी भरली की वाजणारा बझर."

जेवायला कडक भाकरी होती. आमच्याकडं भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते. इथं ती पापडासारखी वाळवून पाकिटात विकतात आणि लोक आवडीनं घेतात. शेंगाचटणी आणि दही झकास होतं, पण पहिल्याच घासाला माझ्या कवळीनं जागा सोडली. जावयांनी दुसरीकडं बघितल्यासारखं केलं. चांगला माणूस आहे.

मंगळवार : वर्ग

मुख्याध्यापकांनी वर्गात माझी ओळख करून दिली. "हे महादेवराव. चाळीस वर्षांचा अनुभव. नुसती नजर टाकली की कुठला पार्ट काय आहे ते ओळखतात." नजर हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मी छताकडं बघत होतो.

वर्गात बत्तीस पोरं, चार-चारांचे आठ गट. पहिल्या बाकावर लावण्या. घरात तेलुगू बोलतात, चादरी विणणाऱ्यांतली. तिचे आजोबा सूत रंगवायचे. पोरगी कमी बोलायची, पण सारखी बघत असायची. शेवटच्या बाकावर अल्ताफ. त्याचं तोंड बंद असलं की तो आजारी आहे असं समजायचं.

"सर, तुमी टीव्ही उघडून बगितलाय?"

"तुझा बाप रांगत होता तवापासून."

"आत काय असतंय?"

"झुरळं."

इथून वर्ग माझा झाला. रंगांचा तक्ता मंगलनं एका इंग्रजी वाक्यावरून पाठ करून घेतला होता. वाक्य सगळ्यांना येत होतं, त्यातला कुठला शब्द कुठला रंग ते एकालाही येत नव्हतं. मी म्हटलं, ते पुसा, आणि फळ्यावर आमच्या दुकानाचा पाढा लिहिला. शून्याला तवा, एकला गूळ, दोनला कुंकू, तीनला शेंदूर, चारला हळद, पाचला हिरवी मिरची, सहाला नीळ, सातला वांगं, आठला राख, नऊला मीठ. पहिल्या दोन पट्ट्या म्हणजे आकडे, तिसरी म्हणजे पुढं किती शून्यं द्यायची ते. गूळ-तवा-कुंकू म्हणजे एक, शून्य आणि वर दोन शून्यं. झाले हजार.

"सर, मग गूळ-तवा-गूळ?" अल्ताफ.

"शंभर."

"आणि वांगं-हळद-मिरची?"

"ते रेझिस्टन्स न्हाय, कालवण हाय."

दहा मिनिटांत बत्तीस पोरांना पाठ झालं. मंगल दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काका, हे तुम्ही काढलं?"

मी म्हटलं, "व्हय."

पाढा इंदूचा होता. अक्षरन् अक्षर तिचं. तरी मी व्हय म्हणालो, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या त्या घेतल्या.

बुधवार : धूर

शाळेनं मागवलेला माल बारक्या पिशव्यांत होता. प्रत्येक पिशवीवर छापील चिठ्ठी, आत काय आहे ते. शहाण्या माणसानं काय करावं? पिशवी वाचून माल वाटावा. मी काय केलं, तर मधल्या सुट्टीत खिचडीचं एक धुतलेलं ताट मागवलं आणि सगळ्या पिशव्या त्यात रित्या केल्या.

मंगल म्हणाली, "अहो काका, वेगळं वेगळं होतं ते!"

"माल ताटातच पायजे. दुकानाची रीत हाय."

आणि मी उजवा हात पुढं केला. दोन-तीन क्षण तसाच. मग ध्यानात आलं की उजव्या बाजूला कुणी बसलेलं नाही. पोरं हाताकडं बघत होती. एकानं त्यावर खडू ठेवला.

त्याच क्षणी सांगून टाकायचं होतं. पण बत्तीस जोड्या डोळे, दारात मुख्याध्यापक, आणि कानात अजून ते 'नजर, नजर'. मीटर मागितला असता तर नजर कसली राहिली, म्हणून मी ताटात हात घातला आणि अंदाजानं वाटायला लागलो. मला सगळी बिस्किटंच दिसत होती.

लावण्यानं हातातला दाणा खिडकीकडं धरला. "सर, याची शेवटची पट्टी तांबडी नाहीये. तपकिरी आहे."

"तांबडीच हाय."

"नाही सर. आमच्या आजोबांकडं…"

"तुला जास्त कळतंय का मला?" मी खेकसलो. "बस खाली. बसव त्योच."

ती बसली. पोरांनी तारा जोडल्या, मी सोल्डरिंग फिरून बघितलं. हात अजून पक्का आहे माझा, कथिलाचा थेंब मोत्यासारखा पडतो. मग बादलीत तारा सोडल्या आणि मंगलनं बटण दाबलं.

सहा गटांच्या बोर्डांवरचे बारके दिवे भपकन पेटले, लग्नातल्यासारखे, आणि मग जळक्या केसासारखा वास सुटला. हजाराच्या जागी शंभराचे दाणे बसले होते. सहा बोर्डांवरनं सहा बारीक धूर, शिस्तीत सरळ वर. उरलेल्या दोन गटांत काहीच झालं नाही, तिथं दहा लाखाचे गेले होते.

अल्ताफ म्हणाला, "सर, आमचा पाणी न भरताच वाजला. नाकात."

मुख्याध्यापक धावत आले. खिडक्या उघडल्या. म्हणाले, "महादेवराव, हे काय?"

आणि मी, चाळीस वर्षांचा मिस्त्री, म्हणालो, "माल खोटा हाय."

लावण्या माझ्याकडं बघत नव्हती. ती बोटांनी गार झालेला दाणा उलटासुलटा करत होती. तिला वाटत होतं, आपलेच डोळे चुकले.

गुरुवार : नवी पेठ

नवा माल आणायला मंगलच्या स्कूटरवर मागं बसून नवी पेठेत गेलो. त्या गर्दीत स्कूटर चालवत नाहीत, पायानं ढकलतात. कापडाची दुकानं, सोनाराची दुकानं, मधून रिक्षा, आणि प्रत्येक रिक्षावाल्याला वाटतं की रस्ता त्याच्या आजानं बांधलाय. एका दुकानाच्या दारात साड्या टांगल्या होत्या. मी थांबलो. हिला मी जन्मभर साड्या घेतल्या, रंग कधीच कळला नाही. दुकानदार सांगेल ते खरं. लग्नात हिनं हिरवा शालू नेसला होता म्हणे. मला ती गुळाची ढेप दिसली होती. हे तिला मी तिसऱ्या वर्षी सांगितलं, तर दोन दिवस बोलली नाही.

एका बोळात पार्ट्सचं दुकान सापडलं. मालक अक्कलकोटकडचे, नोकराशी कानडी, आमच्याशी मराठी. मंगलनं जळके बोर्ड पुढं ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं, न जळलेला एक दाणा उचलून मोजला.

"माल ब्येष हाय की बाई. कुणी बसवला हा? आंधळ्यानं?"

मंगल म्हणाली, "आमच्या काकांनी."

"असं व्हय," ते म्हणाले आणि नोकराला माझ्यासाठी चहा आणायला पाठवलं. सोलापुरात माणसाची अब्रू गेली की चहा देतात. पद्धत चांगली आहे.

बाहेर आल्यावर मंगल स्कूटर चालू करेना. "काका, मावशी दुकानात तुमच्या शेजारी का बसायची?"

मी म्हटलं, "प्रेमानं."

"काका."

मग तिथंच, साड्यांच्या दुकानासमोर, सगळं सांगितलं. मागनं एक रिक्षावाला ओरडत होता, "ओ आजोबा, घरी जाऊन बोला की!" मंगल माझं बोलणं संपेपर्यंत हलली नाही.

मग म्हणाली, "मला सांगितलंत ते ठीक. पण त्या पोरीचं काय? काल ती मला म्हणाली, मॅडम, मी हा विषय सोडते, मला रंग कळत नाहीत."

त्या वाक्यानं मला जेवण गेलं नाही. पुढ्यात भरलेली वांगी होती, तरी.

शुक्रवार : परत ताट

वर्गात गेलो आणि बसायच्या आधी बोललो, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. "पोरांनो, माल खोटा नव्हता. मी खोटा होतो. मला तांबडं, हिरवं, तपकिरी एकच दिसतंय. जन्मापास्नं. लावण्या बुधवारी बरोबर हुती, आणि मी तिला खाली बसवली. लावण्या, चुकलं माझं."

मला वाटलं, आता उठून जातील.

मग अल्ताफ म्हणाला, "सर, म्हंजे सिग्नलला तुमी काय करता?"

"वैरागात सिग्नल हाय कुटं?"

एकदम हसू फुटलं. मग रांग लागली. माझा शर्ट कुठल्या रंगाचा, सर? दप्तर? टिळा? अर्धा तास मी चुकीची उत्तरं दिली आणि पोरांनी पोट धरलं. लावण्या हसली नाही. ती उठून पुढं आली आणि नवा-जुना सगळा माल घातलेलं ताट स्वतःपुढं ओढलं.

"हा पाढा पण तुमचा नाही ना, सर?"

पोरगी लई तिखट. मी म्हटलं, "न्हाय. बायकोचा. मी ढापला."

"मग त्यांना सर म्हणायला पाहिजे होतं," ती म्हणाली आणि निवडायला लागली. भराभर, न अडखळता. बाकीचे तिच्याभोवती जमले. "गूळ-तवा-कुंकू इकडं. मिरची तिकडं. अय, ते वांगं आहे, ठेव." मी बाजूला उभा राहून फक्त सोल्डरिंग बघितलं. शाळा सुटायच्या आत आठ बोर्ड झाले. जोडून बघायला वेळ उरला नाही, शिपाई खोलीला कुलूप लावून मोकळा झाला.

शनिवार : बाई

शिक्षण खात्याच्या बाई गंभीर होत्या. हातात फॉर्म. आठ बादल्या मांडल्या होत्या. मुख्याध्यापकांनी खिडक्या आधीच उघडून ठेवल्या होत्या आणि दाराशी वाळूची बादली ठेवली होती. त्यावरून त्यांचा माझ्यावर किती भरवसा होता ते कळावं.

पहिल्या गटानं पाणी ओतलं. तारांना पाणी लागलं आणि बझर वाजला. दुसरा वाजला. तिसरा, चौथा. बझर असा भसाडा की शेजारचा वर्ग बाहेर आला. सातवाही वाजला. आठवा अल्ताफच्या गटाचा. पाणी काठोकाठ भरलं तरी गप्प. मंगलनं डोळे मिटले. लावण्या वाकून म्हणाली, "अरे, बटण कोण दाबणार? तुझा मामा?" बटण दाबलं आणि आठवाही ओरडला.

बाईंच्या चेहऱ्यावरची घडी मोडली. "हा टाकीवर बसवता येईल?" सोलापूरच्याच होत्या, मी ओळखलं. पण मग त्यांनी ताटातला एक दाणा उचलला आणि माझ्यापुढं धरला. "काका, हा कितीचा?"

मुख्याध्यापक तोंड भरून हसले. त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. एक आकडा ठोकून द्यायचा, बाईंना तरी काय कळणार होतं? विषय वाचला असता. खरं बोललो तर 'ज्याला पार्ट ओळखता येत नाही तो शिकवतो' असं फॉर्मवर गेलं असतं आणि खोली गेली असती. मी पोरांकडं बघितलं. बत्तीसही माझ्याकडं बघत होती.

"मला रंग दिसत न्हाईत, बाई," मी म्हटलं. "ह्यातल्या कुणालाबी विचारा."

मुख्याध्यापकांनी खुर्ची धरली. बाईंनी दाणा मधल्या बाकावरच्या एका मुलापुढं धरला. आठवडाभर त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. त्यानं सांगितलं. दुसरा दाणा दुसरीकडं. तिसरा. बाई मुद्दाम मागच्या बाकांवर जात होत्या. एकही चुकला नाही.

"मग तुम्ही यांना काय शिकवलंत?" बाईंनी मला विचारलं.

"धूर काढायला."

त्या हसल्या, पण फॉर्म सोडला नाही. पेन उघडलं. "मार्गदर्शकाचं नाव सांगा."

मी म्हटलं, "आधी इंदुबाई लिवा. खाली माझं, महादेव."

"इंदुबाई कोण?"

"माझी मंडळी. पाढा तिचा हाय."

"शिक्षण?"

"माझ्यापेक्षा एक यत्ता जास्त. पाचवी."

बाईंनी लिहिलं. सगळं लिहिलं, पाचवीसकट. मग विचारलं, "त्या नाही आल्या?"

"न्हाय जमलं तिला," मी म्हटलं.

मंगल फळा पुसायला लागली. फळा कोरा होता.

वैराग

घरी आलो तर दुकानाच्या कुलपाला गंज धरला होता. तेल घातलं, दोन दिवसांनी निघालं. दुकान उघडलंय. गिऱ्हाईक आलं की मी ताट त्याच्याच पुढं सरकवतो आणि म्हणतो, निवड. काही चिडतात. एका पाटलानं अर्धा तास निवडलं आणि पंपाचा स्टार्टर दुरुस्त झाल्यावर गावभर सांगत सुटला की त्यानंच केला.

परवा पोस्टमन आला. हातात लांब सरकारी पाकीट, सही घेऊन द्यायचं. दारात घुटमळत होता.

"मिस्त्री, ह्यावर काकूंचं नाव हाय."

खरंच होतं. छापील. 'सौ. इंदुबाई' आधी, 'व श्री. महादेव' नंतर. सौ. लावलं होतं ते खोटं नव्हतं, ती सवाष्णच गेली. जन्मभरात तिच्या नावानं आलेलं हे पहिलं पत्र. आत काय होतं ते मंगलनं फोनवर आधीच सांगितलं होतं: विषय चालू राहणार, जूनमध्ये नव्या नववीसाठी दोघांनी यावं.

"परत पाठवू का?" पोस्टमननं हळू विचारलं. "घेणार माणूस नसलं की आमाला तसं लिवावं लागतं."

"आण हिकडं," मी म्हटलं. "चाळीस वर्षं माझं काम तिनं केलंय. तिचं एक मी करतो."